गेलेल्या माणसांचे ससे

महाळुंग्यात खोली बघायला गेलो त्या दिवशी खंडूआप्पा दारातच आडवे आले. ओठांवर बोट ठेवून दबक्या आवाजात म्हणाले, "हळू बोला. आत बिराजदार व्यायला झाल्यात."

बिराजदार नावाचे एक मिशीवाले फोरमन आमच्या कंपनीत होते. त्यामुळे मी उंबऱ्यावरच थांबलो आणि ही खोली घ्यावी की नाही याचा फेरविचार करू लागलो. तेवढ्यात आप्पांनी मला दंडाला धरून गोठ्यात नेलं. गोठ्यात गुरं नव्हती, भिंतीलगत जाळीचे पिंजरे होते. त्यातल्या एका पिंजऱ्यात एक करडी, चांगली मांजराएवढी सशाची मादी तोंडात गवत धरून येरझाऱ्या घालत होती. मधूनच थांबून ती स्वतःच्या पोटाचे केस उपटायची आणि कोपऱ्यातल्या लाकडी खोक्यात नेऊन पसरायची.

"बगा," आप्पा म्हणाले, "पिलांसाटी सोताच्या अंगाची गादी करती. तुमच्या कंपनीत हाय का असं कोन?"

मी नाही म्हणालो. तेवढ्यावर मला खोली मिळाली. आधार कार्ड त्यांनी नंतर चार दिवसांनी मागितलं.

आप्पांचं घर दोन कंपन्यांच्या मधोमध अडकलेलं आहे. एका बाजूला पत्र्याचे भाग ठोकणारं प्रेस शॉप, तिथून दिवसभर धप्प धप्प आवाज येतो. दुसऱ्या बाजूला कंटेनर उभे करायचं आवार. जमीन एमआयडीसीत गेली, तेव्हा घर, गोठा आणि एक विहीर तेवढी मागे राहिली. बाकीच्या जागेत आप्पांनी कामगारांसाठी खोल्यांची रांग बांधली. जमीन जाऊन इतकी वर्षं झाली तरी आप्पा पत्ता सांगताना अजून "चिंचंपाशी वळा" असंच सांगतात. तिथं आता एका कंपनीचं गेट आहे. चिंच शोधत शोधत माझा सासरा एकदा थेट नाशिक रस्त्याला लागला होता.

भाडेकरूंची नावं आप्पा लक्षात ठेवत नाहीत. जो जे बनवतो ते त्याचं नाव. मी वायरिंगच्या कंपनीत सुपरवायझर, म्हणून मी 'वायरवाले'. शेजारच्या खोलीतला लातूरचा दिगंबर सायलेन्सरच्या कंपनीत होता, म्हणून तो 'सायलेन्सर'. आता या दिगंबरचा आवाज असा, की तो खोलीत आईशी फोनवर बोलायला लागला की आईला फोनशिवायही ऐकू जात असेल. पण आप्पांना त्यात काही गंमत वाटायची नाही. सायलेन्सर बनवतो तर सायलेन्सर, एवढा साधा हिशेब.

खरं नाव मिळायचं ते खोली सोडल्यावर. आमच्या पट्ट्यात माणूस कामाला लागतो तोच जायच्या बोलीवर. काही महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, मग ब्रेक, मग पुन्हा घेतलं तर घेतलं. एखादा भाडेकरू असा बॅग उचलून गेला, की गोठ्यातल्या एखाद्या पिल्लाला आप्पा त्याचं खरं नाव द्यायचे, बहुतेक वेळा आडनावच. बिराजदार, पांडे, मंडल, वाघमोडे, थोरला यादव, धाकटा यादव. लहानपणी ससा नर की मादी हे ओळखायला नजर तयार असावी लागते, आणि आप्पा चष्मा लावत नाहीत. त्यामुळे थोरल्या यादवांना पुढं पिल्लं झाली. नाव मात्र बदललं नाही.

माझ्या नावाचा ससा नाही, कारण मी तीन वर्षं तिथंच आहे. एकदा मी आपलं सहज म्हटलं, "आप्पा, आमचाही नंबर लावा की."

"तुमी जावा तर खरं," आप्पा म्हणाले. "राहत्या माणसाचं नाव न्हाई ठिवायचं जनावराला. राहत्या माणसाला हाक मारता येती की."

आप्पांचं आरोग्यशास्त्र एका वाक्यात मावतं: "त्वांड खोटं बोलंल, लेंडी न्हाई बोलायची." सकाळी उठल्याबरोबर ते प्रत्येक पिंजऱ्याखाली वाकून बघतात. लेंडी कोरडी, गोल, हरभऱ्याएवढी असली की पुढच्या पिंजऱ्याकडे. जरा ओली दिसली, की हिरवा चारा बंद, वाळलं गवत सुरू. अडचण एवढीच की हे शास्त्र ते माणसांनाही लावायचे. पहिल्या शिफ्टला निघालेल्या माणसाला भर आवारात थांबवून "काय, आज लेंडी काय म्हनती?" असं विचारणारा घरमालक मी दुसरा पाहिलेला नाही. एकदा दिगंबरला ताप आला, तर आप्पांनी येऊन त्याचे कान आतून तपासले, हिरड्या बघितल्या आणि विचारलं, "कोबी खाल्ला व्हता का?" कोबीनं सशाचं पोट फुगतं, म्हणून आप्पांच्या लेखी जगातला प्रत्येक आजार कोबीतून येतो. आमच्या कँटीनमध्ये आठवड्यातून चारदा कोबी असतो हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

उन्हाळ्यात त्यांच्या फ्रिजचा वरचा कप्पा पाण्याच्या बाटल्यांनी भरलेला असतो. पाण्याचा बर्फ झाला की बाटली गोणपाटात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवायची. ससे तिला पाठ लावून पडून राहतात, कारण सशाला थंडी सोसते, ऊन सोसत नाही. एकदा माझा पाय मुरगळला म्हणून मी बर्फ मागायला गेलो. आप्पांनी फ्रिज उघडला, बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "ही पांडेची हाय, ही मंडलची. तुमी असं करा, मीठपान्यात पाय बुडवा."

ससा विकत घ्यायला कोणी आलं तर त्याचं काही खरं नाही. ससे विकायचेच नसत. द्यायचे ते फुकट, पण जोडीनं, आणि घर बघून. एकदा चाकणचा एक गृहस्थ मुलाच्या वाढदिवसासाठी ससा मागायला आला आणि त्यानं मंडलला कानांना धरून वर उचललं. आप्पा शांतपणे पुढं गेले आणि त्यांनी त्या गृहस्थाचे दोन्ही कान धरले. "चला, तुमालाबी असंच उचलतो. बगा कसं वाटतंय." पाठीखाली एक हात आणि ढुंगणाखाली एक हात देऊन ससा कसा उचलायचा, हे तो माणूस शिकूनच गेला. ससा त्याला मिळाला नाही.

इतकं सगळं करून, या माणसाचा एक प्रकार मला कळत नव्हता. सशाची मादी महिन्याभरात विते. आप्पांच्या हाताला यश असं, की दुसरा कोणी असता तर त्यानं वर्षभरात गोठाच काय, आमच्या खोल्याही सशांनी भरून टाकल्या असत्या. आप्पा मात्र वर्षातून तीन-चार वेळाच जोडा लावायचे, आणि त्यांची वेळही भलतीच असायची. गेल्या वर्षी त्यांनी जोडा लावला तो ऐन पितृपक्षात.

माझ्या डोळ्यांदेखतची गोष्ट. गोठ्यातली सगळ्यात देखणी मादी म्हणजे पांढरी. गुबगुबीत, लाल डोळ्यांची, अतिशय शांत. तिला उचलून आप्पांनी पांडेच्या पिंजऱ्यात सोडलं. दिगंबर म्हणाला, "आप्पा, पांडेलाच इकडं आणा की. त्यो नवरदेव हाय."

"खुळा हायस का? मादीच्या घरात नर सोडला तर ती त्याला बोचकारून काढती. तिला तिचं घर लई प्यारं. तिलाच त्याच्याकडं न्यायचं, आन् काम झालं की लगीच तिच्या घरी परत आनायचं."

मंदिराच्या कट्ट्यावर ही बातमी पोचायला वेळ लागला नाही. तिथल्या म्हाताऱ्यांनी आप्पांना अडवलं. "खंडू, लेका, पितरं जेवाय आल्यात आन् तू लगीन लावतूस व्हय?" आप्पा म्हणाले, "पितरांला वऱ्हाडी समजा." आणि चालू लागले. मला वाटलं, आप्पा भलतेच सुधारक दिसतात. पण दर शनिवारी मारुतीला तेल घालणारा हा माणूस इतका सुधारक कधी झाला, हेही कळेना.

आता काकूंबद्दल सांगायला हवं. काकू म्हणजे आप्पांची बायको, अनुसयाकाकू. त्यांचा एकुलता एक मुलगा महेश रहाटणीला फ्लॅटमध्ये राहतो. त्याला मुलगी झाली तेव्हा सून नोकरीवाली म्हणून काकू महिनाभरासाठी रहाटणीला गेल्या. ती मुलगी, स्वरा, आता चौथीत आहे आणि काकूंचा तो महिना अजून संपलेला नाही. भांडण नाही, तंटा नाही. पोरीला शाळेतून आणायला माणूस लागतं, तिला खाऊ घालायला माणूस लागतं, मग ती क्लासला जाते, तिथं सोडायला माणूस लागतं. महिने असेच लांबतात.

तशी रहाटणी काही परदेशात नाही. पण मध्ये चाकणचा रस्ता आहे, आणि त्या रस्त्यानं कोणी ठरल्या वेळी पोचलेलं मी ऐकलेलं नाही. आप्पा एकदा राहायला म्हणून गेले होते. फ्लॅट अकराव्या मजल्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळीच परत हजर. मी विचारलं, काय झालं? "खाली बगितलं तर मानसं लेंडीएवढी दिसत्यात," आप्पा म्हणाले. "आन् हितं सशांला पानी कोन दावनार?"

काकूंचा फोन संध्याकाळी येतो. आप्पांचा बटणांचा फोन जुना आहे, स्पीकर लावल्याशिवाय त्यांना ऐकू येत नाही, त्यामुळे अख्ख्या आवाराला दोघांचं बोलणं ऐकावं लागतं.

"ससं खात्यात का?" काकू विचारायच्या.

"खात्यात. वाळलंच चालू हाय. वल्लं काय सोसंना."

"दूध देत चला थोडं."

"सशाला दूद देत्यात व्हय?"

"द्या म्हनते ना. आन् जेवल्या जेवल्या पडू नका म्हनावं, जरा फिरावं."

मी तिथंच दोरीवर कपडे वाळत घालत असायचो. सशांना कोणी जेवल्यावर फेऱ्या मारायला सांगत नाही, एवढं मलाही कळत होतं. इतक्या वर्षांच्या संसारात या दोघांना एकमेकांची चौकशी सरळ करायची लाज वाटत होती, की सवयच नव्हती, कोण जाणे. मला मात्र ते ऐकताना हसू यायचं आणि मागून वाईट वाटायचं. फोन ठेवल्यावर आप्पा खरंच आवारात चार फेऱ्या मारायचे.

पांढरीला नाव नव्हतं. एवढी लाडकी, पण सगळे तिला नुसतं पांढरीच म्हणायचे. एकदा दिगंबर आपल्या नेहमीच्या आवाजात बोलून गेला, "आप्पा, हिला काकूचं नाव ठेवा की! अनुसया! काय शोभायलंय बघा!"

आप्पांचा चेहरा उतरला. मग एकदम चढला. "ती काय गेलीय व्हय रं? आं? म्हैन्यासाटी गेलीय. यायची हाय ती." असं म्हणून ते पाण्याची बादली उचलून निघाले ते दोन दिवस दिगंबरशी बोलले नाहीत. दिगंबरनं शेपूट घातलं, पण आपलं काय चुकलं हे त्याला कळलं नव्हतं.

मग दसरा आला. खंडेनवमीला आमच्या पट्ट्यात मशीन पुसून तिला हार घालायचा, नारळ फोडायचा, पेढे वाटायचे, ही रीत. ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा. दिगंबरच्या कंपनीत झेंडूचे हार उरले, ते तो पिशवीभर घरी घेऊन आला. त्यानं स्वतःच्या गाडीला हार घातला, माझ्या गाडीला घातला, पाण्याच्या मोटरला घातला, आप्पांच्या फ्रिजला घातला. तरी हार उरले. तेव्हा आप्पांना खूश करावं, झालेला राग जावा, अशा चांगल्या हेतूनं त्यानं सगळ्या पिंजऱ्यांना हार घातले, हळदीकुंकू वाहिलं. आप्पा तेव्हा मंदिरात गेले होते.

ते परत येईपर्यंत पांढरीनं जाळीतून हार आत ओढून घेतला होता आणि खाल्ला होता. फुलं खाल्ली आणि दोराही खाल्ला. आणि तिचे दिवस भरत आले होते.

दुसऱ्या दिवशी पांढरी पाठीला पोक काढून कोपऱ्यात बसली. गवताला तोंड लावेना, पाणी पिईना. पिंजऱ्याखाली एकही लेंडी नव्हती. ससा खायचा थांबला की फार वेळ हातात नसतो, हे आप्पांकडून मी कितीदा तरी ऐकलं होतं. आप्पा दिगंबरला एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी एक एक करून सगळे हार काढले, तेवढंच. दिगंबर म्हणाला, "आप्पा, शिव्या द्या, पर बोला की हो." तेही त्यांनी केलं नाही.

चाकणच्या गुरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पांढरीला नीट तपासलं, पोटातल्या वायूचं औषध दिलं, थेंबाथेंबानं पाणी पाजायला आणि हलक्या हातानं पोट चोळत राहायला सांगितलं. "गाभण आहे, जपून," ते म्हणाले, "दोरा बाहेर पडला तर वाचेल." परत आल्यावर आप्पा गोठ्याच्या दारात पोतं टाकून बसले. पांढरी मांडीवर. सुट्टीचा दिवस होता, प्रेस शॉप बंद होतं, त्यामुळे कधी नव्हे ती शांतता होती. मी आणि दिगंबर समोर बसलो. दिगंबरचा सायलेन्सर त्या दिवशी पहिल्यांदाच नीट चालत होता.

मग आप्पाच बोलायला लागले.

"बिराजदार म्हून एक भाडेकरू व्हता. सोलापूरकडचा. त्यानं सशाची जोडी पाळलेली. काम सुटलं, तवा यस्टीत ससं कुठं न्यायचं म्हून माज्यापाशी ठिवून गेला. न्हेतो म्हनला, आला न्हाई. मी कंटाळलो व्हतो, देऊन टाकनार व्हतो कुनाला तरी. त्यात त्या मादीला पिलं झाली. त्याच टायमाला स्वरा आल्ती, एक दिसासाटी. एवढुशी व्हती. पिलं बगितली आन् जायलाच तयार न्हाई. रडून गोंधळ घातला. चार दीस राहिली." आप्पांनी पांढरीच्या पोटावरून हात फिरवला. "आता पोरगी राहिली म्हंजी तिची आजी राहनारच की."

मग त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. नुकतीच जन्मलेली पिल्लं उघडीवाघडी असतात, डोळे मिटलेले, ती बघून पोरगी "ई" करते. फार मोठी झाली तर उड्या मारून पळतात, हाताला लागत नाहीत. मधले दिवस खरे. डोळे नुकते उघडलेले, अंगावर मऊ लव आलेली, ओंजळीत मावणारी. शाळेला सुट्टी लागेल तेव्हा पिल्लं त्या वयाची हवीत. मी मनातल्या मनात मागं मोजत गेलो. दिवाळीची सुट्टी, त्याआधी पिल्लांचे डोळे उघडायचे दिवस, त्याआधी पोटातला महिना. बरोबर पितृपक्षात जाऊन पोचलो. मे महिन्याच्या सुट्टीचंही गणित तसंच बसत होतं. म्हणजे हा माणूस सशांचा कारखाना चालवत नव्हता, शाळेच्या सुट्ट्यांवर चालत होता.

"अहो आप्पा," मला राहवेना, "मग काकूंना सरळ या म्हणून सांगत का नाही?"

"तिथं पोराचा संसार हाय. पोरीला कोन बगंल?" ते म्हणाले. मग खाली बघून म्हणाले, "आन् ये म्हनलं, आन् न्हाई आली तर? पिलं झाली म्हनलं की तिला यायला कारन व्हतं. मलाबी बोलवायला कारन व्हतं."

 दिगंबर उठला आणि न सांगता पिंजरे धुवायला लागला.

दिवस कलता कलता पांढरीनं अंग हलवलं आणि पोत्यावर लेंडी टाकली. एक, मग आणखी दोन, झेंडूच्या दोऱ्यात ओवलेली. आप्पांनी ती तळहातावर घेतली, उजेडात धरली, आणि आम्हा दोघांना प्रसादासारखी दाखवली. त्यांचे डोळे भरले होते. "बोलली!" ते म्हणाले. दिगंबरनं अशी काही आरोळी ठोकली, की शेजारच्या आवारातला वॉचमन कुंपणाशी पळत आला. त्यालाही आम्ही पेढा दिला. कशाबद्दल, ते सांगितलं नाही.

कोजागिरीच्या सुमारास पांढरी व्याली. सगळी पिल्लं जगली. दिगंबर दिवसातून दहादा खोक्यात डोकवायचा आणि चिंता करायचा, कारण पांढरी पिल्लांजवळ बसतच नव्हती. दिवसातून एखाद्या वेळी घाईघाईनं येऊन दूध पाजायची आणि लांब दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसायची. "ही माय हाय का पाव्हणी?" दिगंबर म्हणाला.

"सशाची रीतच हाय ती," आप्पा म्हणाले. "सारकी पिलांपाशी बसली तर मांजराला, मुंगसाला वास लागतो. म्हून लांब बसती. पर ध्यान सगळं हिकडंच असतंय. लांब असलं म्हून माया नसती व्हय?"

दिवाळीत आमचा पट्टा ओस पडतो. सगळे गावाला जातात. दिगंबर लातूरला गेला, जाताना पिल्लांचे फोटो काढून घेऊन गेला. मला कंपनीत शटडाउनचं काम होतं म्हणून मी राहिलो. आप्पांनी गोठ्याला चुना दिला, खोक्यातलं गवत बदललं, आतली खोली झाडून गाद्यांना ऊन दाखवलं. स्वराची एक छोटी प्लास्टिकची खुर्ची माळ्यावर होती, ती काढून धुतली. मी म्हटलं, चौथीतली मुलगी आता या खुर्चीत मावणार नाही. "पिलं ठिवायला व्हईल," आप्पा म्हणाले.

पिल्लांचे डोळे उघडले. अगदी हव्या त्या दिवशी. आप्पांनी स्वतःहून फोन लावला.

"स्वरा, पिलं झाल्यात. डोळं उघडलं."

"आबा, सो क्यूट! पण बाबांनी ना कोकणात बुकिंग केलंय. आम्ही सगळे चाललोय. तुम्ही व्हिडिओ पाठवा ना!"

 मग काकूंनी फोन घेतला. "मलाबी नेत्यात म्हनं. मी म्हनले, मी महाळुंग्याला जाते, तर महेश म्हनतो, पोरीला पान्यात कोन सांभाळंल..."

"जा की," आप्पा म्हणाले. "समुद्र कुठं बगितलायस तू."

"तुमी..." काकू थांबल्या. "ससं खात्यात का?"

"खात्यात."

त्या दिवशी फोन लवकर संपला. आवारात दुसरं कोणी नव्हतं, मीही घरात नाही असं दाखवायला दार लावून घेतलं.

थोड्या वेळानं आप्पांनीच दार वाजवलं. स्वच्छ शर्ट, डोक्यावर धुतलेली टोपी. "वायरवाले, तुमच्या फोनात व्हिडिओ निगतो का?"

मी व्हिडिओ काढला. आप्पांनी एक एक पिल्लू दोन्ही हातांवर घेऊन फोनपुढं धरलं. हे अवखळ, हे झोपाळू, ह्याच्या कानावर ठिपका. सगळी दाखवून झाली तरी ते फोनपुढून हलेनात. मी म्हटलं, "आप्पा, बोला अजून काहीतरी." त्यांनी टोपी नीट केली. मग म्हणाले, "हवा चांगली पडलीय हितं. खोली झाडून ठिवलीय." आणि मला हातानं बंद करा म्हणून सांगितलं.

व्हिडिओ पाठवला. उत्तरात स्वराकडून लाल बदामांची एक ओळ आली. आप्पांनी विचारलं, "काय म्हनली?"

"आवडली म्हणाली."

"आन् तिची आजी?"

"काकूंनीही बघितला असेल."

"असंल," आप्पा म्हणाले, आणि पिंजऱ्यांकडे गेले. त्या संध्याकाळी त्यांनी आवारात फेऱ्या मारल्या नाहीत. मला इतकं वाईट वाटलं, की मी फराळाचा डबा घेऊन त्यांच्याकडे जेवायला गेलो. 

दिवाळीनंतर दिगंबर परत आलाच नाही. त्याचं कॉन्ट्रॅक्ट पुढं चालू झालं नव्हतं. मला फोन करून म्हणाला, "भाऊ, माझं सामान ठेवा जरा, येतो कधीतरी." मी आप्पांना सांगितलं.  दुसऱ्या दिवशी कानावर ठिपका असलेल्या पिल्लाला ते म्हणताना ऐकलं, "दिगंबर, सरक लेका." ते पिल्लू मात्र अगदीच गप्प निघालं.

तुळशीची लग्नं लागली. पिल्लं आईपासून वेगळी केली होती आणि पांढरी पुन्हा अंगानं चांगली भरली होती. एका सकाळी आप्पांनी तिला उचललं, एक हात पाठीखाली, एक हात ढुंगणाखाली, आणि पांडेच्या पिंजऱ्याकडे निघाले. मी म्हटलं, "चला, यंदा निदान मुहूर्तावर तरी."

"मुहूर्त कसला," आप्पा म्हणाले. "इंग्लिश शाळंला नाताळची सुट्टी असती."

स्वरा आता मोठी होत चालली आहे, पुढच्या वर्षी तिला सशांचा व्हिडिओही नको असेल, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी फक्त पिंजऱ्याचं दार उघडून धरलं.

दिगंबरच्या खोलीत नवीन भाडेकरू आला होता. ब्रेकच्या कंपनीतला, नगरकडचा, नुकताच लग्न झालेला, बायकोला गावाकडे ठेवून आलेला. तोही बघायला आला. मी त्याला ओळख करून दिली, हे पांडे, हे मंडल, या बिराजदार, हा दिगंबर. तो पोट धरून हसला. मग पांढरीकडे बोट दाखवून त्यानं विचारलं, "आणि हिचं नाव काय, आप्पा?"

मी आप्पांकडे बघितलं. त्या दिवाळीनंतर ते काय सांगतील याची मला खात्री उरली नव्हती.

आप्पा कडी लावत होते. ती नीट बसल्याची त्यांनी दोनदा ओढून खात्री केली.

"हिला नाव न्हाई," ते म्हणाले. "हिची मानसं यायची हायेत अजून."